दीडपट

जानेवारीत ईसाल्मीला साडेनऊला उजाडतं
आणि तीन वाजता दिवस दुकान बंद करतो.
तेवढ्या फटीत ताउनो शेडमध्ये जाऊन
गाडी नुसती बघून येतो.
अजून एक स्क्रूही सैल केलेला नाही.
लाल माझदा, नव्वद सालची, दोघांपुरती,
दिवे पापण्यांखाली ओढून झोपलेली.

जेवणाच्या टेबलावर मात्र काम जोरात आहे.
लोण्याची वाटी सरकवून चौकटीची वही पसरली आहे,
शेजारी वर्तमानपत्रावर
काजानीच्या भंगारातून आणलेला
कुठल्याशा आपटलेल्या मिनीचा सुपरचार्जर.
आत दोन पाती,
मिठी मारायला धावणारी, कधीच न शिवणारी.
बोटाने फिरवला की उसासा टाकतो.
"हिल्का, ऐकलंस?"
मी बटाटे सोलत असते. ऐकलं.

हिशेब असा, की इंजिन एका फेऱ्याला आठशे मिली हवा ओढतं,
आजवर आपल्याच छातीच्या बळावर.
हा डबा एका फेऱ्याला साडेसातशे देतो.
मोठी पुली एकशेवीस, धाकटी पंचाहत्तर,
म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात याचे दीडहून थोडे जास्त,
म्हणजे बाराशे.
आठशेची भूक, बाराशेचं वाढप.
माझ्या आईचा आग्रह असाच असायचा.
कॉफीबरोबर सात प्रकारची बिस्किटं,
आणि पाहुण्याने एकही चुकवायचं नाही.

"पण पचेल का?" मी विचारते.
तिथे तो अडतो. पेन्सिल कानावर जाते.
जास्त हवेला जास्त पेट्रोल, म्हणजे नवे इंजेक्टर.
दाबलेली हवा तापते,
तापलेली अवेळी पेट घेते,
अवेळी पेटली की पिस्टनला भोक.
आपल्या वेन्लाच्या पहिल्या नवऱ्यासारखं, मी म्हणते.
तो हसत नाही. लिहितो: इंटरकूलर. कुठे?
मग ओटच्या खोक्याचा पुठ्ठा कापून
बंपरमागची जागा मापायला बाहेर जातो,
उणे एकवीसमध्ये, हातमोज्यांशिवाय.
तपासणी केंद्रावरच्या मेर्वीला फोन करून झालाय.
"आधी कागद आणा, मग दम दाखवा," म्हणाली ती.
खर्चाची बेरीज तो तळहात आडवा धरून करतो,
शाळेत हुशार मुलं करायची तशी.

रात्री तो मुखवटा चढवतो.
तीन वर्षांपूर्वी घोरता घोरता मध्येच थांबायचा.
मी अंधारात मोजायचे,
अकरा, बारा, तेरा,
आणि कोपर मारायचे. मग एकदम धाप,
बर्फाखालून वर आल्यासारखी.
कुओपिओच्या दवाखान्याने मशीन दिलं.
उशाशी एक डबा, एक नळी,
आणि नको म्हटलं तरी आत शिरणारी हवा.
तेव्हापासून तो झोपतो. मीही.
ही वही त्यानंतरची आहे,
हे मात्र माझ्या काल लक्षात आलं,
पाणी प्यायला उठले तेव्हा.

दिवा लावून मी पानं उलटली.
पुल्या, ब्रॅकेट, बेल्टची लांबी तीनदा खोडलेली,
दाब: शून्य पूर्णांक चार बार.
त्याखाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात,
बारा सेंटिमीटर पाणी म्हणजे शून्य पूर्णांक शून्य एक दोन.
आणि पुढे:
"एवढ्यावर माणूस चालतो."

मी बराच वेळ उभी होते.
सुपरचार्जर बोटाने फिरवला, हळूच.
त्याने उसासा टाकला. आतल्या खोलीत दुसरा डबा
आपल्या कामात होता.

बर्फ वितळल्यावर उघडू, असं तो गेल्या वर्षीही म्हणाला होता.
यंदाही उघडेल न उघडेल.
शेवटच्या पानावर सामानाची यादी होती,
तळाशी लिहिलं होतं,
बेल्ट ताणायला दुसरं माणूस,
आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

खोडरबर सापडेना.
मी ते नखाने खरवडलं.